पानाच्या आत पाहण्याआधी

मोर्शी-वरूड पट्ट्यात संत्र्याच्या कलमा तयार करणारा कारागीर खुंटावर डोळा भरण्याआधी एक गोष्ट न चुकता पाहतो. जंभेरीच्या रोपावर चाकूची रेघ ओढून तो साल उचलून बघतो. साल लाकडापासून ओलसर, अलगद सुटली तर काम सुरू. चिकटून राहिली, फाटली, तर पन्हेरीला पाणी द्यायचं आणि काही दिवस थांबायचं. ‘साल सुटल्याबिगर डोया बसत नाही,’ एवढ्या एका वाक्यावर हा सगळा धंदा उभा आहे, आणि ते वाक्य शास्त्राच्या कसोटीवरही पूर्ण खरं आहे. पण साल नेमकी कुठून सुटते, तिच्या आणि लाकडाच्या मध्ये काय असतं, हे डोळे भरण्यात आयुष्य गेलेल्या माणसानेही बहुधा पाहिलेलं नसतं. शेंदूरजनाघाटच्या पन्हेऱ्यांमधून कलमा दूरदूर जातात. त्यातली प्रत्येक कलम त्या न पाहिलेल्या थराच्या भरवशावर जगते.

तो थर पाहता येतो, आणि घरी पाहता येतो. पेन्सिलीएवढ्या फांदीचा आडवा काप घ्यायचा, इतका पातळ की उजेड त्यातून आरपार गेला पाहिजे. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला की बाहेर साल, तिच्या आत रसवाहिन्या, त्याहून आत जलवाहिन्यांचं घट्ट लाकूड, आणि या दोहोंच्या मध्ये चपट्या, पातळ भिंतींच्या पेशींच्या काही रांगा दिसतात. हे कॅम्बियम. झाड वाढीला लागलं की या पेशी भराभर विभागतात. आतल्या बाजूला त्या लाकूड घालतात, बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या. नव्या पेशींच्या भिंती कोवळ्या असतात, म्हणून साल इथेच सुटते. झाडाला पाण्याचा ताण बसला किंवा थंडीने वाढ थांबली की विभागणी मंदावते आणि साल लाकडाला धरून बसते. कारागिराच्या बोटांना जे कळतं ते इथे डोळ्यांना दिसतं.

वनस्पतींचे असे पातळ काप घेणं, रंगवणं आणि काचेवर बसवून जपून ठेवणं या छंदाची ओळख करून देण्यासाठी पुढची पानं लिहिली आहेत. ती इथल्या झाडांवर, इथल्या ऋतूंच्या हिशेबाने लिहिली आहेत. या छंदाला सूक्ष्मदर्शक लागतो हे खरं, पण त्याहून जास्त लागतो तो ब्लेडवर ताबा असलेला हात. महागडी यंत्रं नसलेल्या गावात हा छंद रुजणार नाही असं अनेकांना वाटतं. मला नेमकं उलट वाटतं. ज्या तालुक्यात घरटी एक माणूस कलम बांधणं जाणतो किंवा जाणणाऱ्याला ओळखतो, तिथे हा छंद रुजायला अर्धी तयारी आधीच झालेली आहे.

आज हे कौशल्य आपल्याकडे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अडकलेलं आहे. अमरावतीचं १९२३ साली सुरू झालेलं जुनं किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे पुढचं विदर्भ महाविद्यालय, तिथपासून आजच्या तालुक्यातालुक्यातल्या महाविद्यालयांपर्यंत वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी सूर्यफुलाच्या खोडाचा, मक्याच्या खोडाचा, कण्हेराच्या पानाचा छेद कापत आले. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत एक चांगला छेद, दोन रंग, नीट काढलेली आकृती, एवढं झालं की गुण मिळतात आणि ब्लेड बाजूला पडतं. वनस्पतिशास्त्र शिकलेली किती माणसं आपल्या आसपास शिक्षक, बँक कर्मचारी, औषध दुकानदार म्हणून वावरतात! त्यांच्या हातांना हे एकदा येत होतं. परीक्षा संपल्यावर त्यांनी स्वतःच्या कुतूहलासाठी एकही छेद घेतला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तबला शिकलेला माणूस परीक्षेनंतरही वाजवतो. छेद कापणाऱ्याने का थांबावं?

खरं तर या विद्येचा जन्मच छंदातून झाला. रॉबर्ट हूकने १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात बुचाच्या पातळ कापाचं चित्र दिलं. धार लावलेल्या साध्या चाकूने त्याने तो काप काढला होता, आणि त्यातल्या रिकाम्या कप्प्यांना त्याने दिलेलं ‘सेल’ हे नाव जगभर टिकलं. पण आपल्याला जवळचा वाटावा असा माणूस त्याच्यानंतरचा. अँटनी व्हान लेव्हेनहूक हा हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापड-व्यापारी. विद्यापीठाचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं, विद्वानांची लॅटिन त्याला येत नव्हती. स्वतः घासलेल्या एकेका भिंगातून तो पाहायचा आणि जे दिसेल ते डच भाषेत लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवायचा. १ जून १६७४ च्या पत्रासोबत त्याने कागदाच्या छोट्या पुड्यांमध्ये बुचाचे आणि एल्डर नावाच्या झाडाच्या गाभ्याचे वस्तऱ्याने काढलेले काप पाठवले. पुड्या पत्रांसोबत दप्तरात गेल्या आणि तीनशे वर्षं तशाच राहिल्या. १९८१ मध्ये ब्रायन फोर्ड या अभ्यासकाने त्या उघडल्या तेव्हा काप शाबूत होते, आणि आजच्या यंत्राने काढलेल्या कापांच्या तोडीला बसतील इतके पातळ होते.

त्या पुड्यांमध्ये पुढच्या काळातला आणखी एक नमुना होता, तो वऱ्हाडच्या वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा. १६८६ मध्ये लेव्हेनहूकने एका सरकीचे चोवीस गोल काप करून पाठवले होते. सरकी! आपल्याकडे जिचे ढीग जिनिंगच्या आवारात पडलेले असतात, तिच्या आतली घडी घातलेली पानं पाहण्यासाठी त्या कापड-व्यापाऱ्याने एक बी चोवीस वेळा कापलं. आणि १७१९ मध्ये संत्रावर्गातल्या बियांमध्ये एकाहून जास्त गर्भ असतात, ही नोंदही त्याचीच. जंभेरीचं एक बी टाकलं की कधी दोन, कधी तीन रोपं उगवतात, हे पन्हेरीवाल्याला रोजचं आहे. त्यातलं एखादं रोप परागीभवनातून आलेलं असतं, बाकीची मातृवृक्षाच्या ऊतींतून आलेली, म्हणून हुबेहूब त्याच्याचसारखी निघतात. खुंटाच्या रोपांमध्ये वेगळी, खुरटी दिसणारी रोपं काढून टाकायची आणि एकसारखी ठेवायची हा जो नियम आहे, त्याचं मूळ इथे आहे. बियाची साल सोलून उभा काप घेतला तर हे गर्भ एकमेकांना चिकटून बसलेले साध्या भिंगातूनही दिसतात.

आता कापण्याबद्दल. पातळ म्हणजे किती पातळ, हा पहिला प्रश्न. माणसाचा केस साधारण सत्तर ते शंभर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग किंवा त्याहून थोडा कमी. हाताने घेतलेला चांगला काप वीस ते चाळीस मायक्रॉनचा असतो. खोडातली सर्वसाधारण पेशी तीस-पन्नास मायक्रॉन रुंद असते, त्यामुळे या जाडीच्या कापात पेशींचा जेमतेम एकच थर येतो. थर एकच असला की उजेड आरपार जातो आणि प्रत्येक भिंत स्वच्छ दिसते. काप जाड झाला की खालच्या-वरच्या पेशी एकमेकींवर पडतात आणि हिरवट अंधारापलीकडे काही हाती लागत नाही.

दाढीचं नवं, दोन धारांचं ब्लेड पुरतं. ते कागदाच्या वेष्टनात असतानाच मधून लांबीला वाकवून मोडावं, म्हणजे तुकडा उडत नाही, आणि अर्ध्या ब्लेडच्या मोडलेल्या कडेला चिकटपट्टी लावावी. खोड डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत उभं धरायचं, अंगठा किंचित खाली. ब्लेडही ओलं, खोडाचं टोकही ओलं. कोपर अंगाला टेकवलेलं. ब्लेड दाबायचं नाही. ते तिरपं धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपल्याकडे सरकवत ओढायचं. दाबलं की पेशी चिरडतात, ओढलं की कापल्या जातात. काप ब्लेडवरच्या पाण्यात तरंगत राहतो, तिथून ओल्या ब्रशने बशीतल्या पाण्यात सोडायचा. शाळेच्या दुकानात मिळणारा शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश याला उत्तम.

असे काप घेत राहायचे, मोजायचे नाहीत. बशीत पुष्कळ काप साठले की काळ्या कागदावर बशी ठेवून बघायचं. जे काप जवळजवळ दिसेनासे होतात तेच कामाचे. पूर्ण गोल पण जाड काप टाकून द्यावा, आणि अर्धाच आलेला, एका कडेला निमुळता होत गेलेला पातळ तुकडा ठेवावा. त्या निमुळत्या कडेवर सगळ्यात सुंदर पेशी असतात. नव्या माणसाला अख्खी चकती हवी असते आणि तिच्या नादात तो चांगले तुकडे फेकून देतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

पान हाताने उभं धरून कापता येत नाही, त्याला आधार लागतो. पपईच्या पानाचा देठ, गाजर किंवा बटाट्याची कांडी उभी चिरून तिच्यात पानाची पट्टी धरायची आणि दोन्ही एकत्र कापायची. आयोडीनची परीक्षा करायची असेल तेव्हा बटाटा टाळावा. त्याचे पिष्टकण कापावर पसरतात आणि पानातलं पिष्ट कोणतं, बटाट्याचं कोणतं, हे सांगता येत नाही. पूर्वी प्रयोगशाळांमध्ये यासाठी बाशिंगाच्या कामात येणारी भेंडही वापरत. पांढरी, मऊ, हलकी असल्याने ती खोडाच्या मधला गाभा असावी असं कुणालाही वाटतं. तिचाच काप घेऊन पाहिला तर कळतं की तो गाभा नाही, ते त्या पाणवनस्पतीचं लाकूड आहे, फक्त पातळ भिंतींच्या पेशींचं.

संत्र्याच्या किंवा सागाच्या जुन्या फांदीसारखं कठीण लाकूड आधी पाण्यात उकळावं आणि काही दिवस स्पिरिट-ग्लिसरीनच्या मिश्रणात ठेवावं. फार कोवळी पानं उलट स्पिरिटमध्ये ठेवून थोडी कडक करून घ्यावीत.

रंगांबद्दल पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, इथे थोडक्यात सांगतो. महाविद्यालयात सॅफ्रनीन आणि फास्ट ग्रीन ही जोडी शिकवतात. लाकडाच्या भिंती लाल होतात, बाकीच्या हिरव्या. चित्र देखणं येतं, पण मग अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या, झायलीन आणि डीपीएक्स हे सगळं ओघाने आलंच. झायलीनची वाफ घरात, लहान मुलं असलेल्या खोलीत नको. म्हणून छंद म्हणून करणाऱ्याला मी टोल्युइडीन ब्लू सुचवतो. पाण्यातलं अगदी फिकट द्रावण, मिनिटभर बुडवायचं, पाण्याने धुवायचं. एकाच रंगातून लाकडाच्या भिंती निळ्या-हिरव्या आणि कोवळ्या भिंती जांभळ्या-गुलाबी होतात. त्यावर ग्लिसरीनचा थेंब, कव्हरस्लिप, आणि कडेने नेलपॉलिशची रेघ. अशी स्लाइड कित्येक महिने टिकते. औषधाच्या दुकानात मिळणारं टिंक्चर आयोडीन पातळ करून घातलं तर पिष्ट निळं-काळं होतं.

ऋतूचा हिशेब इथे मोठा आहे. मे महिन्यात मोर्शीचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा काचेवरचा पाण्याचा थेंब कव्हरस्लिप ठेवेपर्यंत आटतो आणि काप गुंडाळला जातो. उन्हाळ्यात पहाटे काम करावं आणि पाण्याऐवजी पहिल्यापासून पातळ ग्लिसरीन वापरावं. पावसाळ्यात उलटं होतं. भिंगांवर आणि जुन्या स्लाइडवर बुरशी येते, म्हणून सूक्ष्मदर्शक कपाटात कोंडून न ठेवता हवेशीर, कोरड्या जागी ठेवावा. वीज गेली तरी अडत नाही. अंबाल्यात बनणारे आरशाचे विद्यार्थी-सूक्ष्मदर्शक दिवसाच्या उजेडावर चांगले चालतात. फक्त आरसा आकाशाकडे वळवावा, सूर्याकडे कधीही नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो. तेवढाही खर्च नको असेल तर आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले आणि पुढे स्टॅनफर्डमध्ये संशोधन करणारे मनू प्रकाश यांनी २०१४ मध्ये जगापुढे आणलेला घडीच्या कागदाचा फोल्डस्कोप आहे. त्यात चांगला काप नक्की दिसतो. वाईट काप मात्र कोणत्याही सूक्ष्मदर्शकात वाईटच दिसतो.

मग काय पाहायचं? आपल्या भागात या प्रश्नाचं उत्तर देताना हात आखडता घ्यावा लागतो, इतकं आहे.

संत्र्याचं पान आधी घ्या. उजेडात धरलं की त्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. आडव्या कापात तोच ठिपका एक गोल पोकळी होऊन समोर येतो, तिच्या कडेला चपट्या पेशी लागलेल्या असतात. पान चुरगळल्यावर येणारा वास त्या पोकळीतल्या तेलाचा. वरच्या बाजूला जाड मेणकट थर, त्याखाली उभ्या पेशींच्या घट्ट रांगा आणि मधूनमधून स्फटिक धरून बसलेल्या मोठ्या पेशी. पर्णरंध्रं मुख्यतः खालच्या बाजूला. आता कोळशी आलेलं पान घ्या. काळ्या माशीने विदर्भातले बगीचे कसे काळे केले होते हे जुन्या बागायतदारांना सांगायला नको. काप पाहिला की कळतं, काळी बुरशी पानाच्या आत एका पेशीतही शिरलेली नाही. माशीच्या पिल्लांनी सोडलेल्या चिकट गोड पाण्यावर ती वरच्या वर वाढते आणि ऊन अडवते. बुरशीचा डाग पाहून फक्त बुरशीनाशक फवारलं तर माशी तशीच राहते, हे एरवी सांगून पटत नाही. काप पाहिलेल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही.

संत्र्याच्या ग्रीनिंग रोगाचं उलटं आहे. त्याचे जिवाणू थेट रसवाहिन्यांमध्ये राहतात आणि सिट्रस सायला नावाच्या किडीमार्फत झाडाझाडांत पसरतात. रसाची वाट अडल्यामुळे पानात पिष्ट साठतं आणि आयोडीनमध्ये अशा पानाचा काप गडद होतो. मात्र फांदीला जखम झाली, साल गोल कापली गेली, तरीही पिष्ट साठतं. म्हणून घरच्या कापावरून रोगाचं निदान करून झाडं तोडायला निघू नये. संशय आला तर नमुना नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे न्यावा. छंदाचा उपयोग एवढाच की नेमका काय प्रश्न विचारायचा ते आपल्याला कळलेलं असतं.

खरिपात ज्वारीचं पान. भर दुपारी ते का गुंडाळतं, याचं उत्तर वरच्या बाजूच्या काही मोठ्या, फुगीर पेशींत आहे. पाणी कमी झालं की त्या आकसतात आणि पान मिटतं. शिवाय प्रत्येक शिरेभोवती मोठ्या हिरव्या पेशींचं कडं दिसतं. कडक उन्हात ज्वारी, मका आणि ऊस जोमाने वाढतात, त्यात या कड्याचा मोठा वाटा आहे. पऱ्हाटीच्या कोवळ्या खोडात काळे ठिपके दिसतात, त्या गॉसिपॉल या विषारी द्रव्याच्या ग्रंथी. त्यांच्यामुळेच सरकीची ढेप खाऊ घालताना जपावं लागतं. बोंड कोवळं असताना त्यातल्या बियाचा काप घेतला तर बियाच्या कातडीतल्या काही पेशी बाहेर डोकावून लांब होऊ लागलेल्या दिसतात. त्याच पुढे कापूस होतात. धाग्याचा एकेक तंतू म्हणजे एकच पेशी, काही मायक्रॉन रुंद आणि अडीच-तीन सेंटिमीटर लांब.

तुरीच्या मुळावरच्या गाठी कापल्या की आत गुलाबी रंग दिसतो. जिवंत, काम करणाऱ्या गाठीची ती खूण. बोरीवर पसरलेली अमरवेल जिथे फांदीला चिकटली असेल तिथे दोघींचा मिळून काप घ्या. वेलीची शोषकं यजमानाच्या साली-लाकडातून थेट वाहिन्यांपर्यंत गेलेली दिसतात. एवढा स्पष्ट दरोडा दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतो. सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणाच्या काठावर पाणवनस्पती मिळतील. त्यांच्या देठात पेशींपेक्षा हवेच्या पोकळ्यांनाच जास्त जागा असते. देवळाजवळच्या कण्हेराच्या पानात पर्णरंध्रं खालच्या बाजूच्या खळग्यांमध्ये, केसांच्या आडोशाला असतात. वऱ्हाडचं ऊन सोसायची ही एक तऱ्हा.

आणि साळबर्डी. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या खडकांतून डायनोसॉरच्या काळातले अवशेष मिळालेले आहेत. डोंगरापलीकडे छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलान इथे त्याच युगाच्या शेवटाची झाडं, फुलं, फळं दगड होऊन राहिली आहेत. बिरबल साहनींनी ती जगापुढे आणली. तिथे ब्लेड चालत नाही. दगड घासत घासत कागदाहून पातळ करतात, आणि मग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या पेशींच्या भिंती दिसू लागतात. हे काम घरी होण्यासारखं नाही, पण ज्याने आज तुरीचं खोड कापलं आहे त्याला त्या दगडातलं चित्र ओळखता येतं.

हाताच्या कापाला मर्यादा आहेत. ताण सोडल्यावर आंबिया बहाराचा डोळा पानाचा न राहता फुलाचा कधी होतो, हे पाहायचं तर कळी मेणात बसवून मायक्रोटोम यंत्राने दहा मायक्रॉनच्या सलग पट्ट्या काढाव्या लागतात. ते विद्यापीठांचं काम. पण खोड, देठ, पान, मूळ यांच्यासाठी हाताचा काप कमी दर्जाचा मुळीच नाही. ताज्या पानाचे रंग, तेल, जिवंत हिरवे कण त्यातच दिसतात. मेणाच्या वाटेने जाताना ते सगळं अल्कोहोलमध्ये धुऊन जातं.

प्रकरणांचा क्रम अवघडपणाप्रमाणे लावला आहे. सुरुवात भोपळ्याच्या वेलाच्या आणि सूर्यफुलाच्या खोडापासून करावी. ती मऊ असतात, हातात नीट बसतात, आणि भोपळ्याच्या रसवाहिन्या इतक्या मोठ्या असतात की त्यांच्यातल्या चाळण्याही पहिल्या दिवशीच सापडू शकतात. मुलं बरोबर असतील तर ब्लेड मोठ्याच्या हाती आणि ब्रश मुलांच्या हाती. वापरलेली ब्लेडं बूच लावलेल्या बाटलीत टाकावीत, कचऱ्यात नाही.

प्रत्येक स्लाइडवर झाडाचं नाव, भाग, काप आडवा की उभा, रंग, गावाचं किंवा शिवाराचं नाव आणि तारीख लिहावी. तारीख सर्वांत महत्त्वाची. एकाच झाडाच्या फांदीचा काप आषाढात, मार्गशीर्षात आणि चैत्रात घेऊन शेजारी ठेवला तर कॅम्बियम कधी रुंद होतं आणि कधी आक्रसतं हे आपल्याच शिवारातल्या पुराव्यावरून कळेल, आणि अशी वर्षभराची मालिका एखाद्या पन्हेरीवाल्याने तयार केली तर ती पाहायला मी स्वतः त्याच्या दारी जाईन.